तीन स्प्रिंगा आणि एक पाय

म्हस्कूआप्पांच्या काळजात तीन स्प्रिंगा बसल्या आणि त्यांच्या दारात चपलांची रास पडायला लागली. घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडं त्यांची वस्ती. एरवी तिकडं कांद्याचा व्यापारी सोडला तर कुणी फिरकायचं नाही. आता मात्र लोक शहाळी आणत, बिस्किटांचे पुडे आणत, आणि जरा टेकले की म्हणत, "आप्पा, तेवढी फिल्म लावा की."

फिल्म म्हणजे आप्पांच्या काळजाची. अँजिओग्राफी करताना दवाखान्यानं काढलेली. मल्हारनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, ती पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला जोडून दिली होती आणि मग तो निवांत कारेगावला आपल्या शिफ्टला गेला होता. सव्वा मिनिटाचा सगळा खेळ. पानं झडलेल्या झाडासारखं काहीतरी पडद्यावर धडधडायचं, त्याच्या फांद्यांतून काळा रंग सळसळत सुटायचा आणि एका जागी अडखळायचा. तिथं आप्पा काठीचं टोक टीव्हीला लावायचे.

"हितं. हितं नव्वद टक्कं. डॉक्टर म्हनला, आप्पा, तुम्ही चालत आला हेच नवाल हाय."

"माझं सत्तर हुतं," असं कुणीतरी म्हणायचं, पण जरा खालच्या आवाजात.

गावात हल्ली टक्क्यांना फार मान आला होता. पूर्वी तो पोरांच्या दहावीच्या मार्कांना असायचा. आता नव्वदच्या वरचा माणूस खुर्चीत बसायचा, ऐंशीवाला पलंगाच्या कडेला, आणि नुसत्या गोळ्यांवर भागलेला बिचारा सतरंजीवर. मनगटातून तार घातली की मांडीतून, यावरही वाद व्हायचे. मनगटवाले मांडीवाल्यांना जुन्या काळातले समजत.

ही सभा चालायची तेव्हा आप्पांच्या पत्नी अनसाबाई आत ओट्यापाशी उभ्या असायच्या. साखरेचा, बिनसाखरेचा आणि 'अर्धा चमचा चालतोय की' असा तीन तऱ्हांचा चहा त्यांच्या हातून बाहेर जायचा. चहा झाला की भांडी, भांडी झाली की भाकरी. डावा पाय दुखायला लागला की भार उजव्यावर द्यायचा, उजवा दुखायला लागला की डाव्यावर. बसायचं म्हणून त्यांना कधी सुचलंच नाही, आणि दुसऱ्या कुणाला सुचेल अशी त्या घरात चालही नव्हती.

खरं तर या बाईचा जन्म उभं राहण्यातला नव्हेच, चालण्यातला. बापाच्या घरी मेंढरं, नवऱ्याच्या घरी मेंढरं. दिवाळी झाली की बिऱ्हाड निघायचं ते पाऊस तोंडावर आल्यावरच माघारी वळायचं. आप्पा खांद्यावर काठी टाकून मेंढरांच्या पुढं. अनसाबाई मागं. घोड्यावर संसार लादलेला, त्याच्यावर कोंबड्यांची पाटी, झोळीत काल जन्मलेली दोन कोकरं, आणि कडेवर मल्हार. दिवसाला चार-पाच कोस सहज व्हायचे. पुढं मल्हारला कंपनीत नोकरी लागली, मेंढरं विकली, विहीर काढली, कांदा आणि शेवंती आली, पक्कं घर आलं. सगळं चांगलंच झालं. फक्त अनसाबाईंचे पाय थांबले. चुलीपुढं उभं, गोठ्यात उभं, कांद्याच्या ढिगापाशी उभं.

थांबल्या पायांवर मग शिरा उमटायला लागल्या. आधी सुतळीएवढ्या होत्या. बघता बघता मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या दोरीएवढ्या जाड झाल्या, निळ्या-काळ्या, गाठी मारल्यासारख्या. संध्याकाळी घोटे सुजायचे, खाज सुटायची, डाव्या घोट्यावरचं कातडं तर काळं पडलं होतं. सून सुषमा हट्टानं त्यांना शिरूरला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली होती. बाईंनी पाय हातात घेऊन बघितला होता. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच कुणी तो पाय असा हातात घेतला होता.

"मावशी, इथलं कातडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं झालंय. जरा काही लागलं तर भळाभळा रक्त जाईल. शिरांतलं रक्त तपासायचं डॉप्लर मशीन शनिवारी येतं. या शनिवारी या. नक्की या."

पहिला शनिवार दौंडचे पाहुणे फिल्म बघायला आले म्हणून गेला. दुसरा मल्हारला ओव्हरटाइम लागला म्हणून. तिसऱ्या शनिवारची अनसाबाई वाट बघत होत्या. घोट्याजवळ एक फुगवटा आता इतका पातळ झाला होता, की आतलं रक्त त्यांना उन्हात दिसायचं.

त्या आठवड्यात एका दुपारी कपबशा विसळताना त्यांनी सुषमाला विचारलं, "सुषमे, त्या फिल्ममधी रक्त जाताना दिसतंय. माघारी कसं येतं ते न्हाई दिसत."

बाहेरून आप्पांनी ऐकलं. "येतंय की आपसूक. जातंय तर यील न्हाई का?"

अनसाबाईंनी पुढचा कप विसळायला घेतला. मेंढरं चरायला जाताना आपसूक जातात, हे त्यांना माहीत होतं. माघारी आणताना काय होतं, हेही माहीत होतं. आणायचं काम त्यांच्याकडं असायचं.

सुषमा बारावी सायन्सपर्यंत शिकलेली आणि लग्न ठरल्यामुळं तिथंच थांबलेली. तिनं ओले हात पदराला पुसले. "आत्या, काळजातनं जातं ते धमन्यांतनं. त्यांची भिंत जाड आन् रबरासारखी. ठोका पडला की ताणती, परत आवळती. म्हणून मनगटाला बोट लावलं की उडतं."

"मेंढीच्या मांडीत आतल्या अंगाला उडतं तसं."

"तेच. मग फाटं फुटत फुटत त्या बारीक व्हतात. शेवटी केसाहून बारीक, केशवाहिन्या म्हणतात त्यास्नी. तिथनं रक्ताचा कण एकामागं एक जातो, दोन शेजारी मावत न्हाईत. जाताजाता अंगाला लागंल ते द्यायचं, नको ते उचलायचं."

"वाघरीच्या तोंडातनं एकेक मेंढरू सोडावं तसं. आन् मग माघारी?"

"माघारी शिरांतनं. त्यांची भिंत पातळ. तिथवर येईस्तवर काळजाचा जोर सरलेला असतो. पायातलं रक्त वर चढवायचं तर पोटरीनं दाबायचं. आपण चाललो की पोटरी आवळती, रक्त वर सरकतं. पुन्ना खाली पडू नये म्हणून आत झडपा असतात. वर जाताना उघडतात, खाली पडाय लागलं की मिटतात."

"आन् झडपा गेल्या तर?"

सुषमानं सासूच्या घोट्याकडं बघितलं आणि दुसरी बशी उचलली.

तेवढ्यात बाहेर सरपंच पोपटराव आले. पोपटरावांना गावात कशाचा ना कशाचा सत्कार केल्याशिवाय चैन पडत नसे. त्यांनी स्वतःचं काळीज दोनदा तपासून घेतलं होतं आणि दोन्ही वेळा ते ठणठणीत निघालं होतं. याची त्यांना आतून जरा खंतच होती.

"आप्पा, ठरलं!" ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "शनिवारी माझा वाढदिवस. आपल्या गावात स्प्रिंगवाले चार जण. चौघांचा जाहीर सत्कार. हृदयवीर गौरव सोहळा! फ्लेक्स छापायला टाकलाय. जेवण हितंच, तुमच्या वस्तीवर. वहिनींच्या हातच्या भाकरीला तोड न्हाई."

"शनिवारी माझं मशीन हाय," अनसाबाई दारात येऊन म्हणाल्या.

"कसलं मशीन?" पोपटरावांना वाटलं, शिवणाचं असेल.

"पायाचं," आप्पांनी परस्पर सांगितलं. "पुढच्या शनिवारी जाऊ. तुझा पाय काय पळून चाललाय व्हय?"

"पळत हुता तवा बरा हुता," अनसाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. दोघंही हसले. गमतीनं म्हणाली असेल, असं त्यांना वाटलं.

शनिवारी वस्तीपुढं मांडव पडला. फ्लेक्सवर चार हृदयवीरांचे चार फोटो होते आणि चौघांना मिळून जेवढी जागा दिली होती तेवढ्यात एकटे पोपटराव हात जोडून उभे होते. मागं लालभडक काळीज, त्यातून तुतारी फुंकल्यासारखे किरण. लोखंडी पट्टीच्या चौकटीत ठोकलेला हा फ्लेक्स स्टेजच्या बाजूला, जेवणाच्या पातेल्यांना खेटून उभा केला होता. जेवायला मटण होतं. पेशंट माणसं आहेत म्हणून त्यांच्या ताटात तवंग बाजूला करून वाढायचा, असं पोपटरावांनी वाढप्यांना बजावलं होतं.

अनसाबाई पहाटेपासून चुलीपुढं उभ्या होत्या. सुषमा दोनदा म्हणाली, "आत्या, बसा जरा." दोन्ही वेळा कुणीतरी "वहिनी, भाकरी!" म्हणून हाक मारली.

सत्कार सुरू झाला. चौघांना गुलाबी फेटे बांधले, शाली पांघरल्या, नारळ दिले. पोपटराव माइकवर होते. "आपल्या आप्पांनी मरणाला दारातनं सांगितलं, माघारी फिर!" टाळ्या पडल्या. आप्पा खुर्चीत छाती काढून बसले. छातीच्या आत काय आहे हे आता सगळ्या गावाला पाठ होतं.

नेमक्या तेव्हा अनसाबाई भाकरीची टोपली घेऊन फ्लेक्सच्या कडेनं वळल्या. चौकटीच्या पट्टीचं टोक त्यांच्या घोट्याला नुसतं खरचटून गेलं. दुखलं असं काही नाही. दोन पावलं गेल्यावर चप्पल ओली लागली. त्यांना वाटलं, रस्सा सांडला असेल. खाली बघितलं तर पाऊल काळपट रक्तानं भरलं होतं आणि मागं मांडवात पावलांचे ठसे उमटले होते.

"रगात!" कुणीतरी ओरडलं.

माइक तसाच टाकून पोपटराव धावले. हृदयवीरही धावले. रक्तवाहिन्यांचं ज्ञान गावात त्यांच्याएवढं कुणाला नव्हतं, आणि ते दाखवायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. अनसाबाईंना धरून स्टेजवर, आप्पांच्या मानाच्या खुर्चीत बसवलं. पाय खाली लोंबकळत.

"वरनं बांधा!" पोपटराव म्हणाले. "रक्त येतंय कुठनं? काळजातनं. म्हंजी वरनं. टाकीचा कॉक बंद केल्यावर नळाला पाणी यील का?"

हे सगळ्यांना एकदम पटलं. कुणीतरी आप्पांच्या डोक्यावरचा फेटा ओढला, गुडघ्याखाली दोन वेढे दिले आणि दोघांनी दोन्हीकडून आवळला. रक्त थांबायच्या ऐवजी वाढलं. आता ते खुर्चीच्या पायावरून सतरंजीवर ओघळायला लागलं.

"अजून आवळा!"

"आमच्या टायमाला मांडीत बांधलं हुतं," मांडीतून तार गेलेला हृदयवीर म्हणाला.

"ते बांधलं व्हतं तार काढल्यावर. हे निराळं," मनगटवाल्यानं त्याला उडवून लावलं.

आप्पा मात्र बोडक्या डोक्यानं बायकोच्या पायाकडं बघत राहिले होते. टीव्हीवरचं काळं त्यांनी शंभर वेळा बघितलं होतं. हे काळं खरं होतं, आणि याला सव्वा मिनिटानं संपायची घाई नव्हती.

अनसाबाईंच्या डोळ्यांपुढं जरा अंधारी आली. तरी त्यांनी नीट बघितलं. पिकल्या जांभळासारखं रक्त, एकाच धारेनं वाहतंय, उडत नाही. लांडग्यानं फाडलेली मेंढी त्यांनी बघितली होती. तिचं रक्त लालभडक होतं आणि प्रत्येक ठोक्याला चिळकांडी उडायची. हे ते नव्हे. आणि मग त्यांचं लक्ष गुडघ्याखाली करकचून बांधलेल्या गुलाबी फेट्याकडं गेलं.

"सोडा तो फेटा!"

हा आवाज वस्तीनं आजवर ऐकला नव्हता. आप्पांनी ऐकला होता, पण फार वर्षांपूर्वी, नदीपल्याड गेलेली मेंढरं हाकारताना.

"वहिनी, तुम्ही गप बसा. रक्त अडवाय लागलोय," पोपटराव म्हणाले.

"अडवा की! माघारी जायाचं तेच अडवलंय तुम्ही!" अनसाबाई आप्पांकडं वळल्या. "आवं, तुम्हीच धरत हुता न्हवं मेंढी? रगात काढाया आलेला जनावरांचा डॉक्टर काय करायचा? लोकर बाजूला करून मानंला खालनं, काळजाकडच्या अंगाला आंगठा दाबायचा. कशापायी?"

आप्पांच्या तोंडून आपसूक निघालं, "शीर फुगावी म्हणून."

"मग? तुमी सगळ्यांनी मिळून माझी शीर फुगवाय घेतलीया!"

फेटा सुटला. अनसाबाई स्वतःच खुर्चीवरून उतरून स्टेजवर उताण्या पडल्या आणि डावा पाय उचलून मानाच्या खुर्चीवर ठेवला. भर मांडवात, सरपंचांसमोर, वाढदिवसाच्या दिवशी. बायकांच्या रांगेत कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. सुषमानं एका हृदयवीराच्या अंगावरची शाल ओढली आणि सासूच्या पायावर टाकली. तिनं त्याला विचारलंसुद्धा नाही.

"फेट्याच्या सोग्याची घडी करा," अनसाबाई पडल्या पडल्या सांगत होत्या. "जखमंवर ठिवा. आंगठ्यानं दाबा. आवं, तुम्ही दाबा." हे आप्पांना. "सरपंच, तुम्ही घड्याळ बघा. धा मिन्टं आंगठा उचलायचा न्हाई."

माइक चालूच होता. खाली पडलेला असल्यामुळं तो अनसाबाईंच्या अगदी तोंडाशी आला होता. त्यामुळं हे सगळं कर्ण्यावरून रस्त्यापर्यंत ऐकू गेलं, आणि उशिरा पोचलेल्यांना वाटलं, भाषणं सुरू आहेत.

आप्पा गुडघे टेकून बसले होते. दोन मिनिटांनी ते घाबऱ्या आवाजात म्हणाले, "अनसे, ठोका लागत न्हाई गं हितं."

"शिरंला ठोका नसतो," अनसाबाई डोळे मिटून म्हणाल्या. "ती गप येती."

पोपटराव घड्याळाकडं बघत होते. उभ्या आयुष्यात ते माइकजवळ इतका वेळ न बोलता उभे राहिले नव्हते. दहा मिनिटांनी घडी उचलली, तर रक्त थांबलं होतं.

मटण तसंच राहिलं. पोपटरावांच्या गाडीत मागच्या सीटवर अनसाबाईंना आडवं केलं, पाय वर खिडकीला टेकवला आणि गाडी शिरूरला निघाली. शनिवार अजून संपला नव्हता. मशीन होतं.

डॉक्टरीणबाईंनी एक टाका घातला, पट्टी बांधली आणि विचारलं, "पाय वर करून दाबायचं कुणाला सुचलं? त्यामुळं निभावलं."

"मेंढरांच्या डॉक्टरनं शिकवलंय," अनसाबाई म्हणाल्या. "मला न्हाई, मेंढीला. मी बघाय हुते."

मग त्यांना धरून उभं केलं आणि मांडीवर थंडगार जेली लावून मशीन फिरवलं. हे मशीन बोलणारं निघालं. एका जागी ते चाबूक ओढल्यासारखं सट् सट् वाजलं. "ही धमनी," बाई म्हणाल्या. जरा सरकवून त्यांनी अनसाबाईंची पोटरी दाबली. वाऱ्याची झुळूक यावी तसा फुस्स आवाज झाला. "हे रक्त वर गेलं. आता ऐका." पोटरी सोडली. पुन्हा फुस्स, पण हे लांबत गेलेलं, सरता सरेना. "आणि हे सगळं परत खाली आलं. झडपा मिटत नाहीत. असं दिवसभर, कितीतरी वर्षं चाललंय."

आप्पा कोपऱ्यातल्या स्टुलावर होते. त्यांच्या फिल्मला आवाज नव्हता. या आवाजात अडखळणं नव्हतं, टक्के नव्हते, बोट ठेवून दाखवावं असं काही नव्हतं. वर चढवलेलं पुन्हा पुन्हा खाली येत होतं, एवढंच.

"ती शीर लेसरनं आतून बंद करू," बाई म्हणाल्या.

"बंद केल्यावर रगात यायाचं कुठनं?" अनसाबाईंचा पहिला प्रश्न.

"खोल आत मोठ्या शिरा आहेत, त्या चांगल्या आहेत. बहुतेक रक्त तिकडूनच वर येतं."

महिन्याभरात तेही झालं. घरी आल्यावर टीव्हीवर लावायला अनसाबाईंकडं काहीच नव्हतं. शहाळं घेऊनही कुणी आलं नाही. बायका तेवढ्या आल्या, त्याही मागच्या दारानं. इकडंतिकडं बघून लुगडं वीतभर वर करायच्या. "बघ गं, माझं बी असंच हाय का?" पहिल्या आठवड्यात सात जणी आल्या. शनिवारी कुणी कुणाबरोबर जायचं, ते सुषमानं त्यांना ठरवून दिलं.

लेसरनंतर डॉक्टरीणबाईंनी एक घट्ट मोजा दिला होता आणि त्याचा नियम आप्पांना समोर बसवून सांगितला होता. सकाळी जाग आली की पाय जमिनीला लागायच्या आधी, झोपल्या जागीच चढवायचा. उभं राहिलं की रक्त खाली उतरतं, मग उपयोग नाही. ताकद लागते, यांना वाकून जमणार नाही, तेव्हा हे काम तुमचं.

"बाई, मला तीन स्प्रिंगा हायेत," आप्पांनी हळूच आठवण करून दिली होती.

"एवढी ताकद चालते," बाई म्हणाल्या होत्या. "उलट बरंच."

त्यामुळं आता सकाळी अनसाबाई अंथरुणात पडून असतात आणि चहा आप्पा ठेवतात. एकाच तऱ्हेचा. परवा पोपटराव लवकरच उगवले. येत्या महिन्यात गुडघे बदललेल्यांचा सत्कार करायचा त्यांच्या मनात होतं. दारातून बघतात तो आप्पा बायकोच्या पायाशी उकिडवे बसलेले, कपाळाला घाम, दोन्ही हातांनी मोजा ओढतायत.

"आप्पा, जरा बोलायचं हुतं."

"थांबा," आप्पा धापा टाकत म्हणाले. "अजून टाच बसली न्हाई."

"फिल्म तरी लावा तवर."

"तुम्हीच लावा. बटण तिकडं हाय."

पोपटरावांनी बटण शोधलं, त्यांना सापडलं नाही. आत अनसाबाईंनी पाय जरा हलवून बघितला.

"हितं सुरकुती राहिलीया," त्या म्हणाल्या. "काचंल. काढून पुन्ना चढवा."

आप्पांनी काढला आणि पुन्हा चढवायला घेतला.